मुक्त स्रोत प्रकल्पाचे रिलीज वेळापत्रक आणि कोड फ्रीझ: आखणी, अपवाद आणि हक्क

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये नव्याने योगदान देऊ लागलेले वाचक आणि स्वतःचा लहानसा प्रकल्प चालवणारे वाचक, या दोघांच्याही शंका बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये सुचवलेला बदल, तयार असतो, तपासणाऱ्याने त्यात दोष काढलेला नसतो, चाचण्याही पार पडलेल्या असतात, आणि तरीही ‘सध्या फ्रीझ चालू आहे, पुढच्या आवृत्तीत पाहू’ असे उत्तर येते. प्रकल्प चालवणाऱ्यांची अडचण याच्या उलट असते: फ्रीझ केव्हा लावावा, किती दिवस ठेवावा, तो मोडण्याची परवानगी कोणी द्यावी आणि भाषांतर करणाऱ्यांना किती अवधी द्यावा, हे ठरत नाही, म्हणून एखाद्या मोठ्या प्रकल्पाचे वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून घेतले जाते आणि पहिल्याच आवर्तनात ते कोलमडते. आपण या दोहोंपैकी कोणत्याही बाजूला असाल, तरी पुढील निर्णय येथे दिलेल्या क्रमाने घेणे सोयीचे ठरते.

तारीख पक्की ठेवायची की कामांची यादी?

रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची क्रमांक दिलेली आवृत्ती अधिकृतपणे वापरकर्त्यांच्या हाती देणे, आणि ते दोन पद्धतींनी ठरवता येते. एका पद्धतीत ठरलेल्या सुविधा पूर्ण झाल्या की रिलीज होते, मग त्याला कितीही वेळ लागो. दुसऱ्या पद्धतीत तारीख आधी जाहीर होते आणि त्या दिवसापर्यंत जे तयार असेल तेवढेच आवृत्तीत जाते. पहिली पद्धत ऐकायला अधिक जबाबदार वाटते, पण स्वयंसेवकांच्या प्रकल्पात ती क्वचितच निभावते, कारण यादीतले एक काम रखडले की बाकीची पूर्ण झालेली कामेही त्याच्यामागे अडकून पडतात, आणि रिलीज लांबते आहे असे दिसले की प्रत्येक जण ‘तेवढ्यात आणखी एक’ बदल आत सरकवू पाहतो, ज्यामुळे ते आणखी लांबते. डेबियन या लिनक्स वितरणाची ‘वूडी’ ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि तिच्या पुढची ‘सार्ज’ जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षे वापरकर्त्यांना जुन्याच पॅकेजांवर काढावी लागली.

त्याच काळात ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी रिलीज करण्याचा शिरस्ता घातला आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या उबुंटूने तोच स्वीकारून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना गुंफला. तरीही तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. उबुंटूची २००६ ची दीर्घकालीन आवृत्ती एप्रिलमध्ये यायची होती. ती सुमारे सहा आठवडे पुढे गेली आणि म्हणूनच तिचा क्रमांक ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. ही मुदतवाढ आगाऊ, कारणासह आणि नवी तारीख देऊन जाहीर झाल्यामुळे तिचा फारसा बोभाटा झाला नाही, आणि पुढचे रिलीज पुन्हा ऑक्टोबरमध्येच झाले.

आपल्या प्रकल्पाला पगारी रिलीज व्यवस्थापक नसेल, तर तारीख पक्की आणि मजकूर सैल हीच पद्धत निवडावी. मात्र ती एका अटीवरच टिकते: एखादी अर्धवट सुविधा आवृत्तीतून वगळणे तांत्रिकदृष्ट्या स्वस्त असले पाहिजे. ज्या सुविधेचा कोड मुख्य शाखेत अशा रीतीने विणला गेला आहे की तो उपसणे हेच महिन्याभराचे काम ठरेल, ती सुविधा प्रत्यक्षात तारखेची मालकीण होऊन बसते. फेडोरा १८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये अपेक्षित होती. इन्स्टॉलर नव्याने लिहिला जात होता, जुन्याकडे परतणे सोपे राहिले नव्हते, आणि एकेक आठवडा सरकत ती अखेर १५ जानेवारी २०१३ रोजी आली.

आवर्तन किती लांब ठेवावे?

याचे उत्तर कोड किती वेगाने लिहिला जातो यावर नव्हे, तर वापरकर्ते नवी आवृत्ती किती वेळा बसवून घेऊ शकतात यावर ठरवावे. ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होतो, म्हणून फायरफॉक्सला चार आठवड्यांचे आवर्तन पेलते. डेटाबेस बदलणे हे कार्यालयाच्या दृष्टीने जोखमीचे काम असते, म्हणून पोस्टग्रेस वर्षातून एकच मोठी आवृत्ती काढतो. पायथनही ३.९ पासून वर्षाला एक अशा चालीवर आला असून त्याची नवी आवृत्ती ऑक्टोबरमध्ये येते. कुबरनेटिसने तर उलटा प्रवास केला: वर्षाला चार रिलीज वापरकर्त्यांना झेपत नाहीत असे दिसल्यावर २०२१ पासून ती संख्या तीनवर आणली.

पाच-सहा स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला सहा महिने योग्य, वर्ष चालेल, तीन महिने मात्र बहुधा जाचतात, कारण त्यातला जवळजवळ निम्मा काळ फ्रीझमध्येच जातो. आवर्तन लांब असेल तर फ्रीझच्या तोंडावर गर्दी वाढते, हेही ध्यानात घ्यावे. या आवृत्तीची लोकल चुकली तर पुढची लवकरच आहे अशी खात्री असेल तरच माणसे धावत्या डब्याला लटकत नाहीत. पुढची गाडी वर्षाने असेल तर लटकतात.

फ्रीझचे प्रकार

फ्रीझ म्हणजे सगळे काम बंद, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक फ्रीझ एका विशिष्ट प्रकारच्या बदलापुरता असतो आणि रिलीज जवळ येईल तसतशी बंद दारांची संख्या वाढत जाते.

- प्रस्तावांची मुदत: या आवर्तनात काय करायचे आहे ते सांगण्याचा शेवटचा दिवस. नंतर सुचलेली कल्पना चांगली असली तरी ती पुढच्या आवर्तनाच्या खात्यात जाते.
- फीचर फ्रीझ: नव्या सुविधा बंद, दोषदुरुस्ती चालू. पायथनमध्ये पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठी दिलेली पहिली आवृत्ती, आली की हा टप्पा लागतो.
- एपीआय फ्रीझ: इतर प्रोग्रॅम ज्या फंक्शनांच्या भरवशावर लिहिलेले असतात त्यांची नावे आणि वर्तन यापुढे बदलायचे नाही. आपला प्रकल्प ग्रंथालयवजा असेल, म्हणजे इतरांच्या कोडमध्ये वापरला जात असेल, तरच याची गरज पडते.
- इंटरफेस फ्रीझ आणि स्ट्रिंग फ्रीझ: पडद्याची मांडणी आणि पडद्यावरचा मजकूर बदलायचा नाही. पहिला मदतपुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी, दुसरा भाषांतरकारांसाठी.
- कोड फ्रीझ: परवानगीशिवाय काहीही नाही. साधारणतः रिलीजपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा दोन आठवड्यांत हा लागतो.

लहान प्रकल्पाने यांपैकी फीचर, स्ट्रिंग आणि कोड हे तीनच फ्रीझ ठेवावेत. अधिक टप्पे म्हणजे लक्षात ठेवण्याच्या अधिक तारखा, आणि ज्या तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत त्या पाळल्याही जात नाहीत.

डेबियनचे टप्पे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत, कारण तेथे निर्बंध एकदम न येता चढत्या क्रमाने येतात. २०२५ च्या ‘ट्रिक्सी’ आवृत्तीसाठी १५ मार्चला इतर अनेक पॅकेजांना हलवणारे मोठे बदल थांबले, १५ एप्रिलच्या मृदू फ्रीझपासून फक्त लहान आणि नेमक्या दुरुस्त्या घेतल्या गेल्या, १५ मेच्या कठोर फ्रीझपासून महत्त्वाच्या पॅकेजांना आणि ज्यांना स्वयंचलित चाचण्या नाहीत अशा पॅकेजांना रिलीज गटाची परवानगी लागू लागली, २७ जुलैच्या पूर्ण फ्रीझपासून ती सर्वांनाच लागू झाली, आणि ९ ऑगस्टला रिलीज झाले. यातला एक बारकावा उचलण्याजोगा आहे: ज्याने आपल्या पॅकेजला चाचण्या लिहून ठेवल्या त्याला कठोर फ्रीझमध्येही काहीशी मोकळीक मिळते, म्हणजे निर्बंधाबरोबर चांगल्या सवयीचे बक्षीसही जोडलेले आहे.

फ्रीझच्या काळात पुढचे काम कोठे करावे?

येथे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फ्रीझ लागताच रिलीजसाठी वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढली जाते आणि मुख्य शाखा पुढच्या आवृत्तीसाठी लगेच खुली होते. पायथनमध्ये पहिल्या बीटाच्या वेळी असेच होते. दुसऱ्यात मुख्य शाखाच बंद राहते. लिनक्स कर्नलमध्ये नवे काम मुख्य शाखेत घेण्यासाठी प्रत्येक रिलीजनंतर दोन आठवड्यांची मर्ज खिडकी उघडते, ती मिटल्यावर साधारण सात आठवडे, आठवड्याला एक अशा रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम होऊ शकतील अशा उमेदवार आवृत्त्या, निघतात, आणि त्या काळात नवे काम निरनिराळ्या मेंटेनरांच्या, म्हणजे त्या त्या भागाची देखभाल करणाऱ्यांच्या, स्वतंत्र संग्रहांत साठत राहते.

मनुष्यबळ कमी असेल तर मुख्य शाखा बंद ठेवणेच श्रेयस्कर. ती खुली राहिली की उत्साही मंडळी नव्या कामाकडे वळतात आणि जुन्या आवृत्तीतले दोष शोधण्याचे नीरस काम एका-दोघांच्या गळ्यात पडते. शिवाय प्रत्येक दुरुस्ती दोन शाखांमध्ये करावी लागते आणि त्यांपैकी एकीत ती विसरली जाण्याचा संभव राहतोच. मात्र शाखा बंद ठेवायची असेल तर ती सहा आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवू नये, नाहीतर नव्या योगदानकर्त्याचा पहिलाच पॅच धूळ खात पडतो आणि तो माणूस परत येत नाही.

स्ट्रिंग फ्रीझ: मराठी भाषांतरकारांनी आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांनी काय पाहावे?

स्ट्रिंग म्हणजे पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य, बटणावरचा शब्द, चूक झाल्याची सूचना. इंग्रजीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला स्ट्रिंग बदलणे ही किरकोळ गोष्ट वाटते, आणि घोळ तेथूनच सुरू होतो. गेटटेक्स्ट या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषांतर व्यवस्थेत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. मूळ वाक्याच्या शेवटी कोणी एक पूर्णविराम जरी टाकला, तरी भाषांतराच्या फाइली अद्ययावत करताना जुने मराठी वाक्य ‘फझी’, म्हणजे संशयित, ठरते, आणि अंतिम फाइल तयार होताना संशयित भाषांतरे आपोआप वगळली जातात. परिणामी रिलीजच्या आदल्या दिवशी कोणीतरी ‘सुधारलेल्या’ त्या वाक्यापुरता मराठी पडदा इंग्रजीत उमटतो. पूर्णविराम एक, आणि तो दुरुस्त करायला माणसे मात्र जितक्या भाषा तितकी.

दुसरी अडचण देवनागरीची आहे. वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार यांमुळे देवनागरीला इंग्रजीपेक्षा अधिक उभी जागा लागते, आणि बटणाची उंची इंग्रजी अक्षरांपुरती बांधली असेल तर ‘पूर्ववत्’ या शब्दातला उकार किंवा रफार कापला जातो. हा दोष भाषांतराच्या फाइलीत दिसत नाही. तो प्रोग्रॅम चालवून पाहिल्यावरच दिसतो. म्हणून स्ट्रिंग फ्रीझ आणि रिलीज यांच्यामध्ये भाषांतराला वेळ हवा तसा भाषांतर पडद्यावर तपासून मांडणीचे दोष दुरुस्त करायलाही वेळ हवा, आणि वेळापत्रकात नेमका हा दुसरा वेळ धरलेला नसतो.

आपण भाषांतरकार असाल तर पुढील गोष्टी कराव्यात:

- आवर्तनाच्या सुरुवातीलाच स्ट्रिंग फ्रीझची तारीख पाहून ठेवावी आणि नेमाने होणारे काम त्यापूर्वी हळूहळू उरकावे, कारण शेवटच्या दोन आठवड्यांत नवी वाक्येच एवढी असतात की साचलेली जुनी त्यात निघत नाहीत.
- फ्रीझ मृदू आहे की कठोर हे तपासावे. वर्डप्रेसमध्ये पहिल्या रिलीज कँडिडेटपासून कठोर स्ट्रिंग फ्रीझ लागतो. त्याआधीच्या मृदू काळात एखाद-दुसरे वाक्य बदलू शकते.
- फ्रीझनंतर वाक्य बदललेले दिसल्यास गप्प बसू नये. ग्नोमसारख्या प्रकल्पांत अशा बदलाला भाषांतर गटाची संमती लागते, आणि ती न घेता बदल झाला असेल तर तो मागे घ्यावा अशी मागणी करणे पूर्णपणे रास्त आहे.

प्रकल्प चालवणाऱ्यांनी स्ट्रिंग फ्रीझ किमान चार आठवड्यांचा ठेवावा. भाषांतरकार बहुधा नोकरी सांभाळून हे काम करतात. चार आठवडे म्हणजे त्यांच्या दृष्टीने चार रविवार.

तारखा शेवटाकडून मागे मोजाव्यात

वेळापत्रक आखताना आजच्या दिवसापासून पुढे मोजत गेल्यास प्रत्येक टप्पा सैल पडतो आणि तो सैलपणा शेवटच्या टप्प्यातून, म्हणजे चाचणीतून, वजा होतो. म्हणून रिलीजची तारीख आधी ठरवून मागे मोजत यावे. समजा, पाच-सहा जण मिळून एखाद्या गावातल्या वाचनालयांसाठी मराठी इंटरफेस असलेले पुस्तक-नोंदणीचे सॉफ्टवेअर चालवतात आणि त्यांना २० फेब्रुवारीला रिलीज करायचे आहे. मग मोजणी अशी होईल:

- २० फेब्रुवारी: रिलीज.
- १० फेब्रुवारी: रिलीज कँडिडेट. गंभीर दोष न सापडल्यास हीच आवृत्ती, एकही ओळ न बदलता, रिलीज होणार.
- ६ फेब्रुवारी: कोड फ्रीझ.
- २० जानेवारी: स्ट्रिंग फ्रीझ.
- १२ जानेवारी: बीटा.
- १० जानेवारी: फीचर फ्रीझ.
- १५ डिसेंबर: प्रस्तावांची मुदत.

मोजून पाहिल्यास स्ट्रिंग फ्रीझपासून रिलीजपर्यंत ३१ दिवस मिळतात, पण भाषांतराच्या दुरुस्त्या कोडमध्ये जायला कोड फ्रीझपर्यंतचे १७ दिवसच उरतात. असे आढळल्यास दोन उपाय आहेत: भाषांतराच्या फाइलींना कोड फ्रीझमधून स्पष्ट सूट द्यावी, किंवा फीचर फ्रीझ आणि स्ट्रिंग फ्रीझ एकाच दिवशी लावावेत. पहिला उपाय अधिक व्यवहार्य, कारण भाषांतराची फाइल बदलल्याने प्रोग्रॅम बिघडण्याचा धोका कमी असतो, जरी तो शून्य नसला तरी: वाक्यात आकडा किंवा नाव भरण्यासाठी ठेवलेली खूण भाषांतरात गाळली गेली तर प्रोग्रॅम कोसळूही शकतो, म्हणून अशा खुणा तपासणारी स्वयंचलित चाचणी आधी लावून घ्यावी.

तारखा नक्की करण्यापूर्वी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहाव्यात. गणेशोत्सव, दिवाळी, विद्यापीठांच्या परीक्षा आणि मार्चअखेरचे हिशेब यांपैकी काहीही चाचणीच्या काळात आले तर तो काळ कागदावरच राहतो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कोठेही येते, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख यंदा उतरवून घेता येत नाही. रिलीजचा वारही पाहावा: शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून शनिवारी कोणीच उपलब्ध नसणे, हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे.

वेळेचा पट्टा लिहिण्यास विसरू नये. पोस्टग्रेसच्या फीचर फ्रीझची मुदत पृथ्वीवर कोठेही तो दिवस संपेपर्यंत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागे असलेल्या पट्ट्यानुसार, मोजली जाते. त्यामुळे ‘७ एप्रिल अखेर’ ही मुदत भारतात ८ एप्रिलच्या संध्याकाळी साडेपाचला संपते. पुण्यातला योगदानकर्ता सातच्या मध्यरात्रीच हात टेकून बसला, तर त्याचे साडेसतरा तास वाया जातात.

अपवाद: कोणी मागावा, कोणी द्यावा, कोणी नाकारावा

ज्या फ्रीझला अपवादाची वाट नाही तो फ्रीझ चोरवाटेने मोडला जातो, आणि ज्याला ती वाट फार रुंद आहे तो फ्रीझ नावापुरता उरतो. म्हणून फ्रीझ जाहीर करतानाच ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे त्याचे नाव लिहावे. दोघे असावेत, आणि अपवाद मागणाऱ्याचा स्वतःचा बदल त्याने स्वतः मंजूर करू नये. अर्ज लहान असावा, पण त्यात पुढील गोष्टी याव्यात:

- नेमका कोणता बदल, ओळीनिशी. डेबियनमध्ये जुन्या आणि नव्या पॅकेजमधला संपूर्ण फरक अर्जासोबत जोडावा लागतो, आणि तो फरक लांबलचक असेल तर अर्ज तेथेच लंगडा पडतो.
- तो न घेतल्यास वापरकर्त्याचे काय अडेल.
- काय बिघडू शकते आणि बिघडल्यास परत कसे फिरायचे.
- चाचणी कोणी, कशावर केली.
- पडद्यावरचा मजकूर बदलतो का.

रिग्रेशन, म्हणजे आधी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलामुळे बिघडणे, विदा नष्ट होणे आणि सुरक्षेतली भगदाडे, या तीन कारणांसाठी अपवाद द्यावा. ‘काम फार मेहनतीने केले आहे’ आणि ‘परिषदेत दाखवायचे आहे’ या कारणांसाठी देऊ नये. सुरक्षेच्या दोषांचा मार्ग तर वेगळाच असावा: तो उघड यादीत न मांडता मेंटेनरांना खासगीत कळवावा, दुरुस्ती तयार झाल्यावर ठरलेल्या दिवशी ती आणि माहिती एकदमच बाहेर यावी.

फ्रीझच्या सुमारास येणारा आग्रह स्वतःच संशयाचा विषय असू शकतो, हे २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपणाच्या साधनाने दाखवून दिले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, प्रकल्पात दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका मेंटेनरच्या नावाने मागील दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवण्यात आले होते. या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या विकासाधीन आवृत्त्यांत पोहोचल्या, आणि उबुंटूच्या २४.०४ साठी फीचर फ्रीझ लागून गेल्यानंतरही ५.६.१ घ्यावी अशी विनंती तेथे करण्यात आली होती. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा पिच्छा पुरवणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकसकाने २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. उबुंटूने पॅकेजे नव्याने बांधण्यासाठी बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलवर नेली. फ्रीझमुळे मागील दार ओळखू येत नाही. पण फ्रीझच्या नियमांनुसार घाई करणाऱ्याला कारण लिहून द्यावे लागते, आणि त्या कारणाची उलटतपासणी करायला कोणाला तरी बसावे लागते, एवढा अवकाश तरी तो मिळवून देतो.

दोष शेवटच्या आठवड्यात सापडला तर?

तेव्हा तीनच पर्याय उरतात: दुरुस्त करणे, बदल मागे घेणे, किंवा दोष नोंदवून रिलीज करणे. मेंटेनरांचा कल बहुधा पहिल्याकडे असतो, कारण दुरुस्ती दोन ओळींची दिसते. पण ज्या कोडमध्ये शेवटच्या आठवड्यात दोष सापडला त्याच कोडमध्ये घाईने आणखी दोन ओळी घालणे ही बरी पैज नव्हे. मागे घेणे हाच पहिला विचार असावा. पायथन ३.१३ चे रिलीज १ ऑक्टोबर २०२४ ला ठरले होते. कचरा-स्मृती टप्प्याटप्प्याने मोकळी करण्याची नवी पद्धत काही प्रोग्रॅम मंदावते असे दिसल्यावर ती दुरुस्त करत न बसता सरळ काढून टाकण्यात आली, त्या दिवशी अंतिम आवृत्तीऐवजी आणखी एक रिलीज कँडिडेट देण्यात आली, आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला आली. उशीर सहा दिवसांचाच झाला आणि तेवढ्यात हा मोठा बदल काढल्यानंतरच्या आवृत्तीची चाचणीही घेता आली; कँडिडेटनंतर बदल केला की पुन्हा कँडिडेट, हा नियम येथे पाळला गेला.

रिलीज ढकलायचे असेल तर ते ठरलेल्या मापानेच, एकेका आठवड्याने, ढकलावे. फेडोरात रिलीजपूर्वी ‘जायचे की थांबायचे’ ठरवण्यासाठी बैठक होते, तीत रिलीज रोखू शकणाऱ्या दोषांची यादी समोर असते आणि ते दोष कोणत्या निकषांवर रोखणारे ठरतात हे आधीच लिहिलेले असते. तसे निकष आपल्या प्रकल्पातही चार ओळींत लिहून ठेवावेत, आणि ते फ्रीझपूर्वी लिहावेत. दोष समोर आल्यावर लिहिलेले निकष त्या दोषाकडे पाहून लिहिले जातात.

रिलीजनंतरची शाखा

आवृत्ती बाहेर पडली की तिला किती काळ दुरुस्त्या मिळतील हे त्याच दिवशी जाहीर करावे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला प्रमाणित आधार पाच वर्षे मिळतो, पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. या आकड्यांची बरोबरी करण्याचा मोह लहान प्रकल्पाने टाळावा. चालू आवृत्ती आणि तिच्या लगतची आधीची, एवढ्यांचीच जबाबदारी घ्यावी.

योगदानकर्त्यांचे आणि वापरकर्त्यांचे हक्क

फ्रीझचे नियम हे प्रकल्पाचे अंतर्गत शिस्तीचे नियम असतात. परवान्याने दिलेले हक्क त्यांमुळे कमी होत नाहीत. तेव्हा आपला पॅच अडकला असेल किंवा हवी ती दुरुस्ती आवृत्तीत नसेल, तर पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात:

- नकाराचे कारण आणि पुढची संधी कोणत्या तारखेला, हे विचारण्यास संकोच करू नये. पॅच बंद न करता पुढच्या आवर्तनाची खूण लावून ठेवावा, अशी विनंती करता येते.
- स्वयंसेवकाला कोणतीही तारीख बांधील नसते. परीक्षा किंवा आजारपण आल्यास काम सोडून देण्याची मुभा आहे, मात्र ते लवकर कळवावे, म्हणजे सुविधा वेळेवर वगळता येते.
- पॅचवरील लेखनहक्क, वेगळा करार केलेला नसल्यास, सामान्यतः लिहिणाऱ्याकडे किंवा नोकरीचा भाग म्हणून लिहिले असल्यास त्याच्या कंपनीकडे राहतात. नोकरीच्या करारातले हे कलम पॅच पाठवण्यापूर्वीच वाचावे.
- वापरकर्त्याला फ्रीझच्या काळातही कोड घेऊन, त्यात हवी ती दुरुस्ती करून, स्वतःसाठी आवृत्ती बांधता येते आणि परवान्याच्या अटी पाळून इतरांना देताही येते. जीपीएल परवान्याखाली बांधलेला प्रोग्रॅम ज्याला दिला त्याला त्याचा स्रोतही मिळायला हवा.
- रिलीज अमुक दिवशी झालेच पाहिजे अशी मागणी मात्र हक्क म्हणून करता येत नाही. जवळजवळ सर्वच मुक्त परवान्यांत कोणतीही हमी दिलेली नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असते.
- कोडचा परवाना नावालाही लागू होतो असे समजू नये. डेबियनने स्वतःच्या दुरुस्त्या घालून दिलेल्या फायरफॉक्सला ते नाव वापरण्यावर २००६ मध्ये मोझिलाने हरकत घेतली, आणि २०१६ पर्यंत डेबियनमध्ये तोच ब्राउझर ‘आइसविझल’ या नावाने मिळत असे. स्वतंत्र आवृत्ती वाटण्यापूर्वी परवान्याबरोबर नाव आणि बोधचिन्ह यांसंबंधीचे प्रकल्पाचे धोरणही वाचून घ्यावे.